पितळी बिल्ला

नातवाला जुलाब होतायत म्हणून सुनेनं साखर-मिठाची पावडर पाण्यात ढवळली, आणि त्या संत्र्याच्या वासासरशी मी कुरुळीच्या कारखान्यातल्या भट्टीसमोर जाऊन उभा राहिलो.

मे महिना होता. लाइनचा सुपरवायझर म्हणून हीच पावडर मी प्रत्येकाच्या बाटलीत स्वतः घालायचो, मोठ्या मायेनं. पण लघवीला जायचं तर माझ्याकडून पितळी बिल्ला घ्यावा लागे, आणि सगळ्या लाइनला बिल्ला एकच. काम थांबू नये म्हणून ही युक्ती मीच काढली होती. साहेबांनी पाठ थोपटली होती.

त्या दुपारी परभणीचा दत्ता भट्टीपुढं कोसळला. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही.

"अरे, पाणी का नाही प्यायला हा?" मी ओरडलो.

शेजारच्या मशीनवरचा सलीम खाली बघत म्हणाला, "पाणी प्यायलं की जावं लागतं, साहेब. बिल्ला मागितला की तुम्ही चिडता."

दत्ताची बाटली काठोकाठ भरलेली होती.

दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला. कंपनीच्या कागदावर मृत्यूचं कारण मीच लिहिलं: ऊन. लिहिताना बिल्ला माझ्या खिशातच होता.