बाई ज्यावर कधीच बसल्या नाहीत

करुणा गेली ते मला तिच्या उशाशी बसून कळलं, आणि उरलेल्या नाशिकला आमच्या चर्चच्या, म्हणजे मंडळीच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर. मी अजून तिच्या पायावरची चादर सारखी करत होते, तेवढ्यात फोन वाजला. गुलाबाचं फूल, त्यावर दवाचे थेंब, खाली दोन मेणबत्त्या आणि मजकूर, ‘थोर कवयित्री व नम्र सेविका करुणाबाई प्रभूच्या विश्रांतीत गेल्या.’ पाठवणारे आमचे प्राचार्यसाहेब. ज्यांनी तिचा वर्ग काढून घेतला आणि तिला ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालायला बसवलं, तेच. नम्र म्हणे... अर्धं आयुष्य मी तिची शेजारीण. तिच्यात मला पुष्कळ काही सापडलं, नम्रपणा तेवढा सापडला नाही. चहात साखर कमी पडली तरी ती तोंडावर सांगायची. जायच्या आदल्या संध्याकाळीही तिनं मला प्रार्थना करायला सांगितलं नाही. म्हणाली, “सुशीलाअक्का, हंगामाच्या उपासनेला यमुना येईल. तिची जागा बघ.” मी म्हटलं, बघते. एवढंच आमचं शेवटचं बोलणं.

आता ही जागा कसली, ते सांगायला हवं. मी सातवीत शाळा सोडलेली बाई. वाचायला शिकले ती उपासनेच्या गीतांवरून, आणि वाद घालायला शिकले ती करुणाकडून. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आमची भिंतीला भिंत. चर्चचे पाळक होऊ घातलेल्या पोरापोरींचं विद्यालय आहे, तिथं ती शिकवायची. वेळापत्रकात उपासनेचा तास वेगळा, काव्याचा वेगळा आणि सामाजिक न्यायाचा शनिवारी दुपारी, म्हणजे जेव्हा अर्धा वर्ग गावी गेलेला असतो तेव्हा. करुणा तिन्ही तासांना एकच गोष्ट शिकवायची. कोणी हटकलं की विचारायची, “बायबलातले संदेष्टे काय तीन खोल्यांत बसून बोलले होते?” पोरांना टेम्पोत घालून पिंपळगावच्या पॅकहाऊसवर न्यायची. तिथं द्राक्षं निवडणाऱ्या बायकांशेजारी बसायचं, हात चालवायचे, कान उघडे ठेवायचे, आणि परत येऊन प्रार्थना ओवीत रचायची. एकदा एकानं ‘हे अनंत दयासागरा’ म्हणून दोन पानं भरून आणली. करुणानं वाचली आणि विचारलं, “ह्यात माणूस कुठाय?” तो म्हणाला, “बाई, देव आहे ना.” “देव कुठं जात नाही रे. तू माणूस शोधून आण.” तो पोरगा आज एका मंडळीचा पाळक आहे. अजून दयासागरावरच बोलतो, पण अधूनमधून अडखळतो, तेवढा करुणाचा परिणाम.

हंगामाची उपासना आमच्याकडं द्राक्षं उतरली की होते. जो तो आपल्या घरचं काही घेऊन येतो, कांदे, गहू, भोपळा, आणि बागायतदार मंडळी द्राक्षांची ताटं. ती सगळी पवित्र मेजावर मांडायची. करुणानं त्यात एक रीत घातली. मेजासमोर फळांचं एक रिकामं कॅरेट उलटं ठेवायचं. प्लॅस्टिकचं, निळं, एका बाजूची मूठ तुटलेली. ज्या हातानं घड तोडला ते माणूस आधी त्या कॅरेटवर बसणार, आपलं म्हणणं ओवीत म्हणणार, आणि ते संपल्यावरच मालकाचं ताट मेजावर जाणार. तोवर मालकानं ताट धरून उभं राहायचं, आणि त्याच्या शेजारी करुणाही उभीच. ती त्या कॅरेटवर उभ्या जन्मात बसली नाही. एकदा तिचे गुडघे धरले होते म्हणून मीच म्हटलं, टेक जरा. तर माझ्यावरच डोळे वटारले, “ती तोडणाऱ्याची जागा आहे, अक्का.”

पहिली काही वर्षं सगळ्यांना हे फार गोड वाटलं. फोटो निघाले. पाहुणे आले की प्राचार्यसाहेब मुद्दाम ‘आमचा अभिनव उपक्रम’ म्हणून दाखवायचे. कारण तोवर कॅरेटवर बसणारे ऊन, पाऊस आणि देवाची कृपा एवढंच म्हणायचे. मग एका वर्षी पेठकडची यमुना बसली. दर हंगामाला ती आमच्या मंडळीचे पंच आनंदराव यांच्या द्राक्षबागेत कामाला येते. मांडवाखाली बायका काम करत असताना शेजारच्या ओळीत औषधाची फवारणी चालायची, कोणी त्यांना बाहेर यायला सांगायचं नाही. यमुनानं पदर नीट केला आणि म्हटलं,

वरती औषध फवारलं, खाली आम्ही होतो बायका
देवाच्या ह्या घडावरती माझा खोकला ऐका

आणि आनंदराव ताट घेऊन तिच्यासमोर उभे. सुटाबुटात. ताटातली द्राक्षं निर्यातीची, एकसारखी. करुणा म्हणाली, “आता ठेवा, आनंदराव.” त्यांनी ठेवलं नाही, ताट घेऊन बाहेर गेले. मग विद्यालयाची समिती बसली. ह्या समितीची मला कायम मौज वाटत आलीय. खोकणारी बाई चार वर्षं खोकली तर हे कधी बसले नाहीत, एका माणसाचा चेहरा पडला तर आठवड्यात बसले. ‘उपासनेचे पावित्र्य राखण्यासाठी’ करुणाचा वर्ग काढून घेतला. करुणा मला सांगताना हसत होती. “अक्का, मला पुस्तकांना कव्हरं घालायला ठेवलंय. आतलं कोणी वाचत नाही, कव्हर तरी बरं दिसू दे.” पण त्या वर्षी तिनं एकही ओळ लिहिली नाही, हेही मी भिंतीपलीकडून पाहत होते.

आणि आता तिची स्मरणसभा... मेजावर द्राक्षांचे घोस सजवलेले, बाजारातून आणलेले, कोणी तोडले कोणाला ठाऊक. मुलांनी तिचं गाणं म्हटलं, ‘वेल तुझा, फळ तुझे, तुझी मांडवसावली’. छान म्हटलं. शेवटचं कडवं तेवढं गाळलं. मी शेजारच्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, “वेळेअभावी, मावशी.” त्यानंतर पाऊण तास भाषणं झाली. ते कडवं असं आहे,

मांडवाखाली वाकल्या पाठीला विचार आधी
मग उचल पेला, देवा, मग बैस आमच्या पंगती

एवढ्याला वेळ नव्हता. मग प्राचार्यसाहेब उठले. मागं वळून हात केला, तर फुलांच्या कुंड्यांखाली ते निळं कॅरेट, त्याला झेंडूचा हार. म्हणाले, “बाईंची राहणी किती साधी. खुर्ची नाकारून त्या ह्या कॅरेटवर बसून आम्हा सर्वांना शिकवत.” सभेत कितीतरी माणसं अशी होती, ज्यांनी करुणाला त्या कॅरेटशेजारी ताटकळत उभं राहिलेलं डोळ्यांनी पाहिलं होतं. सगळ्यांनी रुमाल काढून डोळे टिपले. आनंदरावांनी जाहीर केलं, ह्या ठेव्यासाठी ग्रंथालयात ते स्वखर्चानं काचेचं कपाट करून देणार, वर पितळी पाटी. टाळ्या पडल्या. मला तर वाटतं, त्यांना त्या कॅरेटची एवढी किंमत पहिल्यांदाच कळली होती. ते कुलपात ठेवण्याइतकी.

चहा आणि खारीच्या वेळी मी प्राचार्यांना गाठलं. म्हटलं, “साहेब, ते कॅरेट हंगामाच्या उपासनेला लागेल.”

“मावशी, तो आता ठेवा आहे. ठेव्यावर कोणी बसत नाही.”

“मग यमुना कुठं बसेल?”

“ह्या वर्षी कार्यक्रम भरगच्च आहे हो. बाईंच्याच नावानं काव्यस्पर्धा घेतोय.”

“विषय काय?”

“निसर्गातील देव.”

माणूस ह्याही वर्षी कुठं नव्हता. ते पुढच्या पाहुण्याकडं वळले. मी कुंड्या उतरवल्या, हार काढून खिडकीत ठेवला, कॅरेट उचललं आणि चालू लागले. कोणी विचारलं नाही. पांढऱ्या केसांची बाई समारंभानंतर काहीतरी उचलून नेतेय म्हटल्यावर लोकांना ती आवराआवरच वाटते. रिक्षावाल्यानं विचारलं, “आजी, टमाटे संपले वाटतं?” म्हटलं, “संपले बाबा. आता कॅरेट तेवढं उरलंय.”

पुढं ओरड होईल, म्हणून मी उत्तरं तयार करून ठेवली होती. ओरड झालीच नाही. कपाटाचं उद्घाटन झालं तेव्हा मीही गेले, बघू म्हटलं. काचेआड मखमलीवर निळं कॅरेट, वर दिवा, खाली पाटी, ‘करुणाबाईंचे आसन’. दोन्ही मुठी शाबूत. बाजारातून कोरं आणलं होतं, आतल्या कोपऱ्यात दुकानाचं लेबलसुद्धा तसंच. प्राचार्यसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि लगेच पाटीकडं पाहिलं. मी म्हटलं, “फार छान राखलंय हो. अगदी नव्यासारखं.”

गेल्या रविवारी हंगामाची उपासना झाली. मी माझं मूठ तुटलेलं कॅरेट घेऊन गेले आणि मेजासमोर नेहमीच्या ठिकाणी उलटं घातलं. एक पंच धावत आले, “मावशी, हे काय?” म्हटलं, “हे माझ्या घरचं. बाईंचं तर काचेत आहे ना?” ते आपल्या बाकावर जाऊन बसले. माझं खरं म्हणावं तर काचेतलं खोटं ठरतं. यमुना मागच्या बाकावरून उठून आली, बसली. आनंदराव ताट घेऊन अर्ध्या वाटेत थांबले. बाहेर जायला वळले नाहीत, एवढं मी त्यांच्या नावावर लिहीन, जास्त नाही. यमुना खोकली, मग म्हणाली,

मला बसाया दिली जागा, बाई उभीच राहिली
ताटातली द्राक्षं तिनं माझ्यानंतर पाहिली

आनंदरावांच्या शेजारी, करुणा उभी राहायची तिथं, मी जाऊन उभी राहिले. फवारणीच्या वेळी यंदा बायकांना बाहेर बोलावतात का, हे यमुनाला नंतर विचारलं. म्हणाली, “कदी बोलावतात, कदी नाय.” म्हणजे पुढच्या वर्षीची ओवी तयार आहे.

कॅरेट आता माझ्या ओट्यावर आहे, उलटं. परवा आमच्या मंडळीचे पाळकसाहेब भेटायला आले, सहज त्यावर टेकू लागले. मी आतून खुर्ची आणून दिली.