सही सोडून काहीही

अंबरनाथ पूर्वेला आमच्या वाचनालयासाठी मदत मागायला गेलात तर तोंडावर नाही कुणी म्हणणार नाही. माणसं मनाने चांगली आहेत. जुनी पुस्तकं देतील, पंखा देतील, नातवाच्या वाढदिवसाला हजार रुपयांची पावती फाडतील. फक्त सही मागू नका. ती मागितली की चांगली बोलती माणसं एकदम घड्याळाकडे बघायला लागतात. सुनंदा देवस्थळी यांचं म्हातारपण या दोन अक्षरांपायी कसं चाललंय, ते सांगतो. सांगताना माझा तोल गेला तर समजून घ्या.

सुनंदाताई आनंदनगर एमआयडीसीत रंगाच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघायच्या. निवृत्त झाल्यावर त्या वाचनालय सहाय्यक मंडळात आल्या. वाचनालयाला सरकारी अनुदान आहे, पण ते येईल तेव्हा खरं. तोवर खोलीचं भाडं, वीजबिल, वर्तमानपत्रं आणि झाडलोट करणाऱ्या राजाबाईंचा पगार हे मंडळच भागवतं. जुने अध्यक्ष अचानक वारले, तेव्हा चिंतामणी सोहोनी म्हणाले, "ताई, तुम्ही हंगामी अध्यक्ष व्हा. दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे." सोहोनी म्हणजे कारखान्यातले निवृत्त मॅनेजर, सूट घालून सभेला येणारे आमचे सल्लागार. ताईंचा तो हंगाम अजून संपलेला नाही. पुढे खजिनदार मुलाकडे कॅनडाला गेले आणि बँकेच्या खात्यावर एकट्या सुनंदाताईंची सही उरली.

त्यांनी तक्रार केली नाही, उलट हौसेने केलं सगळं. ऑडिट, धर्मादाय आयुक्तांकडचे हिशोब, आयकराची कटकट. देणगीदाराला पावती हातात नेऊन देणार, वर चहाला थांबणार नाहीत. आम्हाला ते इतकं सोयीचं झालं की मंडळ चालवावं लागतं, हेच आम्ही विसरून गेलो.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कपबशी वाजायची, पुढे अक्षर बारीक होत होत मुंग्यांच्या रांगेसारखं झालं. डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला. वीजबिलाचा चेक परत आला. बँकेत तेजल नावाची मुलगी काउंटरला असते, ती बिचारी वरमून म्हणाली, "आँटी, मी तुम्हाला ओळखते हो. पण सिस्टिममध्ये साइन मॅच होत नाही." नवीन नमुना सही दिली. पुढच्या महिन्यात तीही जुळेना, कारण हात तेवढ्यात आणखी बिघडला होता. नेट बँकिंग घ्या म्हणावं तर त्याचा अर्ज, आणि अर्जाखाली सही. खात्यात पैसे होते. लोकांनी विश्वासाने दिलेले चांगले पैसे होते. ते बाहेर काढता येत नव्हते, एवढंच.

वीज तोडली. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं दारं-खिडक्या उघड्या टाकून घामाघूम बसायची. खोलीच्या मालकांनी भाड्यासाठी मेअखेरपर्यंत वाट बघतो असं सांगितलं, आणि सभ्य माणूस आहे म्हणून इतकं तरी थांबला. राजाबाईंचा पगार ताई आपल्या पेन्शनमधून देत होत्या. बदलापूरला राहणारी त्यांची मुलगी अनुया एकदा चिडून म्हणाली, "आई, राजीनामा देऊन टाक ना. माझ्याकडे ये."

"राजीनामा अध्यक्षांच्या नावे द्यायचा असतो गं," ताई म्हणाल्या. अनुया हसली, पण ताई हसल्या नाहीत.

हवी होती एक सही. नवा अध्यक्ष म्हणा, खजिनदार म्हणा, काहीही म्हणा, बँकेत जाऊन नाव लावणारा एक माणूस. सोहोनींकडे गेल्या तर ते म्हणाले, "मी सल्लागार आहेच की." सोहम नावाचा आयटीतला एक तरुण सभासद आहे, तो म्हणाला, "काकू, मी वेबसाइट बनवून देतो, फ्री. सही नको प्लीज, उद्या इन्कम टॅक्सची नोटीस आली तर?" नोटीस ताईंनाही दोनदा आली होती. त्यांनी बस पकडून, फाइल दाखवून ती मिटवली होती. हे सोहमला माहीत होतं, म्हणूनच तो घाबरला होता.

शेवटी कैलास तयार झाला. हा पालेगावचा, याच अभ्यासिकेत बसून परीक्षा पास झालेला आणि ते न विसरलेला. ताई त्या दिवशी रिक्षाने न जाता चालत घरी आल्या, इतक्या खूश होत्या. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, "मॅडम, आण्णांशी बोलता का जरा?" तेव्हाच त्या समजल्या. तरी गेल्या. पालेगावात आता इमारतींमधून आकाश बघायचं तर मान वर करावी लागते. कैलासच्या वडिलांनी, आण्णांनी, त्यांना खुर्ची दिली, सरबत दिलं.

"बाई, पैसं सांगा, देतो. गारी सांगा, पाठवतो. सही नको. आमी भावांनी एकदाच सही केली, नी शेतावर बिल्डिंगी आल्या. पैसं भेटलं, नाय बोलत नाय. पन बोलनं येगलं नी लिवलेलं येगलं व्हतं."

"आण्णा, मी स्वतः सगळं वाचून दाखवते."

"त्यो बिल्डर बी वाचूनच दावत व्हता," आण्णा शांतपणे म्हणाले.

ताईंना त्यांचा रागही करता येईना. कैलास गेटपर्यंत सोडायला आला आणि पूर्ण वेळ खाली बघत राहिला.

वार्षिक सभा एप्रिलमध्ये झाली. गणसंख्येअभावी ती तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने त्याच जागी भरली, ती तशीच भरते. दारं उघडी टाकून सगळे पुठ्ठ्याने वारा घेत होते. ताई उठल्या, टेबलाचा आधार घेतला. "मला सत्कार नको," त्या म्हणाल्या. "मला मोकळं करा. मी थकले आहे. कुणीतरी एकाने नाव द्या, नाही तर जूनमध्ये ही खोली नसेल." असं त्या कधी बोलल्या नव्हत्या. कुणी खोकलं, कुणी मोबाइल उलटा ठेवला. सोहमने पंख्याकडे पाहिलं, जणू तो फिरत होता.

मग सोहोनी उभे राहिले. त्यांचा चेहरा उजळला होता. ते मुद्दाम बँकेत जाऊन विचारून आले होते. "मार्ग निघाला आहे. हात चालत नसेल तर बँक अंगठा घेते. ताईंनी नुसता अंगठा उठवायचा. कुणालाच काही बदलायला नको."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, मनापासून, सुटका झाल्यासारख्या. अनुया मागच्या रांगेतून उठली, "काका, आई सोडायचं म्हणतेय," पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

"दोन साक्षीदार लागतील," सोहोनी म्हणाले. पुन्हा सगळे घड्याळाकडे बघायला लागले. "साक्षीदारावर जबाबदारी काही नसते हं," असं त्यांनी सांगितलं, आणि भराभर हात वर गेले. सोहमचा गेला, कैलासचाही गेला.

पुस्तकांवर तारीख मारायचं जांभळं पॅड टेबलावर आणलं. सुनंदाताईंनी नोकरीच्या पहिल्या वर्षी आपल्या अडाणी आईला नाव लिहायला शिकवलं होतं, तिला रेशनच्या दुकानात चारचौघांत अंगठा उठवायची लाज वाटायची म्हणून. त्यांनी पॅडकडे पाहिलं आणि त्यांना रडू आलं. लोकांना वाटलं, आनंदाने. कैलासने त्यांचं मनगट धरून ठेवलं आणि वाचनालय मंडळाच्या अध्यक्षांनी ठरावाखाली अंगठा उठवला.

"झालं. सही बदलते, ठसा मरेपर्यंत बदलत नाही," सोहोनी म्हणाले.

"आणि मी मेल्यावर?"

"असं अभद्र बोलू नये, ताई," असं म्हणून त्यांनी पेन पुढे केलं, आणि साक्षीदार रांगेत उभे राहिले. सह्या दोन पुरल्या असत्या. सात झाल्या.