तेलातली हळद

माझी बायको माझ्यापेक्षा लहान. तरी पाचोडच्या बाजारात बांगड्यावाल्यानं मला विचारलं, "भाऊ, मायसाठी कोणत्या रंगाच्या दाखवू?"

मी हसलो. ती नाय हसली. बांगड्या न भरताच उठली. कापूस वेचून, कांदा खुरपून तिचं तोंड रापलं होतं, गालावर वांग आले होते. सावलीत बसून खाणाऱ्यांचं कातडं टिकतं, आमचं कसं टिकणार?

घरी आल्यावर म्हणाली, "पळस बघा. ऐन उन्हात फुलतो, पण फूल करपत नाय. त्याचा रंगच त्याची छत्री. मंग मलाच का नसावी?"

वाळलेली पळसाची फुलं अन् हळद तिनं पाट्यावर वाटली, करडईच्या तेलात कालवली. रोज शेतात जाताना तोंडाला, हातांना चोपडू लागली. जावा म्हणायच्या, "रोज लगीन लागतंय का गं?"

"लागतंय. जेवायला या."

मलाही सोडलं नाय. "मी एकटीच तरणी दिसले तर तुम्ही माझे बाप दिसाल." मग मीही पिवळा.

वांग काही पुरते गेले नाय, खोटं कशाला सांगू? पण नवे उठले नाय, अन् कातड्याची आग थांबली.

एका बाजाराच्या दिवशी शेतातून निघायला उशीर झाला. तोंड धुवायला सवड कुठली, तसेच एसटीत चढलो. कंडक्टर ओरडला, "सरका, नवरा-नवरीला बसू द्या!" जागा मिळाली, मी लगेच बसून घेतलं. ती पदरात तोंड खुपसून हसत होती.

बाजारात ती थेट त्याच बांगड्यावाल्यापुढं जाऊन बसली. त्यानं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मुबारक हो भाऊ! मागं मायला आणलं होतं, आज नवरी. दुसरी केली व्हय?"

"पहिलीच हाय मी, मेल्या!" ही कडाडली. "अन् ती माय बी मीच!"

आजूबाजूचे सगळे दुकानदार हसले. त्यानं स्वतःचे कान धरले अन् नवरीला भरतात तसा हिरवा चुडा तिला भरला. येताना एसटीत दर वळणाला ती हातातला चुडा वाजवत होती. उभ्या जन्मात मी तिला एवढं खूश बघितलं नाय.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. सवाष्ण गेली, म्हणून बायकांनी हिरवा चुडा भरला, हळद लावायला घेतली. पाण्यात कालवलेली. मी ती वाटी बाजूला सारली, घरातून करडईचं तेल आणलं, नवी हळद कालवली अन् माझ्या हातानं तिच्या गालांना चोपडली.

भावजय हळूच म्हणाली, "भावजी, पाण्यातलीच लावतात."

म्हणलं, "हिला तेलातलीच लागते. मसणवट्यापर्यंत ऊन लई हाय."