मोटार म्हणजे मोटारच

भिवराबाईचं नाव काढलं की आमच्याकडचे लोक अजून आधी हसतात आन मग इकडंतिकडं बघतात, ती ऐकत तर न्हाई ना म्हणून. बाईच्या तोंडाला लई धार होती. असू द्या की. गोड बोलणाऱ्यानं गावात कुणाचं भलं केलंय ते मला दाखवा, मग पुढं बोलू.

ती मोटारी भरायची. पाण्याची मोटार जळाली की आतली जळकी तार काढून नवी वेढायची, ह्याला आमच्याकडं मोटार भरणं म्हणतात. आमचं गाव आष्टी तालुक्यात, कड्याच्या जवळ. नदीचं पाणी वर उचलून शेताला द्यायला गावानं सहकारी संस्था काढलेली. संस्थेच्या मोटारी भरायला आधी नगरचा एक मिस्तरी होता, आन भिवराबाई त्याच्या हाताखाली झाडलोट करायला, तार सोडवायला. मिस्तरी एका दिवाळीला घरी गेला तो परत आलाच न्हाई. मोटार जळालेली, ऊस वाळायला लागलेला, आन ही म्हणाली, मी भरते. लोक हसले. तिनं भरली, पाणी वर आलं, हसणारे गप पाणी द्यायला गेले.

मग सर्वसाधारण सभेत ठराव झाला, मी तिथंच होतो: भिवराबाईच्या हातात संस्थेच्या मोटारीचं काम असेल तोवर आवारातला गाळा तिचा. सगळ्यांनी हात वर केले. पुढं काम, मागं चूल. नवरा ऊसतोडीला गेलता तो तिकडंच दुसरा संसार थाटून बसला होता, तेव्हा तिला त्या गाळ्याशिवाय दुसरं छप्पर नव्हतं. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, चेअरमनला पण.

शहाऐंशीला दुष्काळ पडला. नदी अशी आटली की पात्रात पोरं विटीदांडू खेळायची. मोटारी वर काढून शेडमध्ये ठेवल्या. आता बंद मोटार जळणार कशी, आन जळाली न्हाई तर भरणार काय? सुंदरराव चेअरमनला तेवढंच पाहिजे होतं. त्याच्या मेव्हण्याला पेंडीचं दुकान टाकायचं होतं. दुष्काळातली जनावरांची छावणी शेजारीच, गिऱ्हाईक दारात, आन गाळा मोक्याचा.

मी गहिनीनाथ, संस्थेच्या गाडीचा ड्रायव्हर. त्या गाडीची कथा सांगितल्याशिवाय पुढं जाता येत न्हाई. काळी, इंग्रजी बनावटीची, निजामाच्या काळातल्या एका जहागीरदाराकडून संस्थेनं घेतलेली. तिला बॅटरी लागायची सहा व्होल्टची, आन ती जुन्या मापाची बॅटरी नगरलासुद्धा मिळेना. त्यामुळं गाडी सेल घेत नव्हती, म्हणजे बटन दाबून चालू होत नव्हती. हँडल कधीच हरवलेलं. मग काय, ढकला. सुंदरराव जाईल तिथं आधी उतार शोधायचा आन मग मुक्काम ठरवायचा. सोयरीक बघायला गेला तरी घर कसं हाय ते नंतर, गल्लीला उतार हाय का ते आधी. लोक त्याला मागून उताराचा चेअरमन म्हणायचे. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो, पण लाज मला वाटायची, कारण स्टेअरिंगवर मी असायचो.

एक दिवस सुंदरराव चार माणसं घेऊन गाळ्यापुढं आला. गोड आवाजात म्हणाला, बाई, काम न्हाई तर गाळा कावून अडवता, ठराव तुमाला ठाऊकच हाय. भिवराबाई जुनी तार गुंडाळत बसली होती. उठली न्हाई. तिनं हात लांब करून गाडीकडं दाखवलं.

"ही काय हाय?"

"मोटार," सुंदरराव म्हणाला. आमच्याकडं दुसरं काय म्हणणार?

"कुणाची?"

"संस्थेची."

"मग माझ्या हातात काम हाय. जावा आता."

चारही माणसं हसली, त्याचीच माणसं. सुंदररावचं तोंड उतरलं. ठरावातली मोटार पाण्याची हो, असं तो म्हणायला लागला, तर बाई म्हणाली, ठरावात पाण्याची असं कुठं बोललात, मोटार म्हणजे मोटारच. आता माघार घेतली तर इज्जत जाते म्हणून त्यानं अट घातली. येत्या सर्वसाधारण सभेला, सगळ्या सभासदांपुढं, सपाटीवर, कुणी हात न लावता गाडीनं सेल घेतला तर गाळा राहील. न्हाई घेतला तर बाईनं आपणहून बिऱ्हाड उचलायचं. ती मंजूर म्हणाली. एवढंच.

मला तिचा लई राग आला. म्हटलं, बाई, ही गाडी हाय, नदीवरचं यंत्र न्हाई, आन सहाची बॅटरी कुठून आणणार?

"आणायची कशाला? हिलाच बारा करू."

ट्रॅक्टरला, जीपला बारा व्होल्टच्या बॅटऱ्या लागतात, त्या कुठंही मिळतात. पण सहाच्या गाडीला नुसती बाराची बॅटरी जोडली की दिवे फुटणार, हॉर्न जळणार, सगळंच बसणार. म्हणून बाईनं अख्खी गाडी उकलली. दिवे, हॉर्न आन ठिणगीची कॉइल एका मोडीत निघालेल्या जीपची बसवली. डायनामो, जो चालत्या गाडीत बॅटरीला वीज देतो, तो स्वतः बारीक तारेनं जास्त वेढे देऊन भरला. सेलच्या, म्हणजे गाडीला पहिला फेरा देणाऱ्या छोट्या मोटारीच्या, पोटात चार गुंडाळ्या होत्या, दोन-दोनच्या जोडीनं वीज घेणाऱ्या. त्या तिनं एकामागं एक जोडल्या, म्हणजे दुप्पट जोर आला तरी सगळ्यांत वाटला जाईल. वायरिंग सडलेलं होतं, ते काढून टाकलं आन नदीवरच्या बंद मोटारींची केबल सोलून नवीन टाकलं. सगळीच्या सगळी काळी. मी म्हटलं, अहो, गाडीत लाल, हिरव्या, निळ्या वायरी असतात, कुठली कुठं जाते ते कळायला. ती म्हणाली, दुष्काळात रंग कुठून आणू, आन मला कळतंय ना?

बॅटरी राधाकिशनच्या ट्रॅक्टरची. नांगरायला ओल नव्हती, ट्रॅक्टर उभाच होता. त्यानंच ती आणली आन त्यानंच जोडली, ट्रॅक्टरला असते तशी, मायनस गाडीच्या लोखंडी अंगाला. सेल अजून बसवायचा होता, म्हणून गाडी ढकलून चालू केली मात्र, बॉनेटखालून धूर निघाला. नवा भरलेला डायनामो जळाला. तो वास मला अजून आठवतो. सभा दोनच दिवसांवर.

मी संतापलो. राधाकिशनला म्हटलं, आंधळा हायस का बे? तो म्हणाला, मिस्तरी तर ही हाय, मला काय विचारतो. दोघं बाईकडं बघायला लागलो. बाई जुनी, काढून टाकलेली वायर हातात घेऊन बसली होती. तिच्या टोकावर प्लसची खूण, आन ते टोक अंगाला बसायचं. त्या इंग्रजी गाडीला प्लस अंगाला होता! बाईला ते दिसलं कसं न्हाई? कारण नदीवरच्या मोटारीला प्लस-मायनस नसतोच. जन्मभर तिनं तसल्याच मोटारी भरलेल्या.

"उलटीच हाय ही," ती म्हणाली. "माझ्यासारखी."

मी म्हटलं, सुंदररावला सांगू, महिनाभर थांब म्हणून. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी मुकाट जळकी तार सोडवायला लागलो. तिनं बॅटरी फिरवून प्लस अंगाला जोडला आन डायनामो परत भरला. हाताला फोड आले, बोटांना चिंध्या बांधल्या, आन वेढे देत राहिली. रडली पण. मी समोर होतो, तिनं ते लपवलं न्हाई. म्हणाली, ह्या गावातून मला उठवायला नवरा पुरला न्हाई, नदी पुरली न्हाई, हा कोण लागून गेला?

सभेला छावणीवरचे, रोजगार हमीवर खडी फोडायला जाणारे, सगळे सभासद आले. नुसतं गाडी बघायला आले, खोटं कशाला बोलू. सुंदररावनं पटांगण दाखवलं, लावा इथं म्हणाला. भिवराबाई म्हणाली, सपाटी नको. गहिनीनाथ, चढाला तोंड करून उभी कर. आन बटन चेअरमन दाबतील, म्हणजे मागून कुणी काय केलं असं म्हणायला नको.

सुंदरराव बसला. बटन दाबलं. सेलनं एकदा घरघर केली, थांबला. त्यानं परत दाबलं, आन गाडी चालू झाली. त्या चढावर, कुणाचा हात न लागता. लोकांनी टाळ्या पिटल्या. गाडी ढकलून चहा मिळवणारे दोघं तेवढे हिरमुसले.

सुंदरराव खाली उतरला. हसत होता. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. तो सभेला म्हणाला, बाईंनी फार चांगलं काम केलं. मोटारीचं काम आता पूर्ण झालं. आन ठरावाप्रमाणं हातात काम न्हाई, तर गाळा रिकामा करावा.

गाळा राहील ही अट नुसती तोंडी घातलेली, आन कागदावर होता तो ठराव. खरंच, ठरावात तसंच होतं. मला त्याच्या नरड्याला धरावंसं वाटलं.

भिवराबाईनं पदराला हात पुसले. "करते की रिकामा," ती म्हणाली. "पण चेअरमन, उद्या हिच्यात काय जळालं तर कुठं नेताल? बॉनेट उघडून बघा एकदा. सगळी वायर काळी हाय. कुठली कुठं जाते ते फक्त मला ठावं."

सुंदररावनं बॉनेट उघडलं. एका वायरीवर बोट ठेवून माग काढायला लागला, तर ती बाकीच्या काळ्या वायरींत हरवली. सभासद पुढं सरकून त्याच्या खांद्यावरून बघायला लागले, मग एकेकजण हसायला लागला. त्यानं बॉनेट बंद केलं आन, मोटारीचं काम चालूच हाय असं समजावं, असं पुटपुटला. लोकांनी हात वर केले. राधाकिशननं दोन्ही वर केले.

मेव्हण्याची पेंड कुठं गेली ते मला ठाऊक न्हाई. पाऊस पुढच्या साली आला, नदीवरच्या मोटारी परत जळायला लागल्या, बाईच्या तोंडाची धार काही कमी झाली न्हाई.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी सुंदररावला घेऊन संस्थेत आलो. त्याच्या सांगण्यावरून, आन माझ्याही सवयीनं, गाडी आवारातल्या उतारावर लावली. भिवराबाई गाळ्याच्या दारात झाडायचा कुंचा घेऊन उभी होती. तिनं गाडीकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं.

"गहिनीनाथ," ती म्हणाली, "सपाटीवर लाव. माझ्या दारात उतार चालणार न्हाई."

मी चेअरमनला विचारलं न्हाई. गाडी सपाटीवर लावली.