हेडलाइट लागले तेव्हा

काल गाडीची गंजलेली पट्टी सँडपेपरने घासताना तो लोखंडी वास नाकात गेला आणि मी इचलकरंजीच्या त्या संध्याकाळपाशी पोचलो. माझ्या बायकोला, सुमनला, कळा सुरू झाल्या होत्या. दवाखाना कोल्हापुरात, अंधार पडू लागलेला आणि गाडीचे दोन्ही हेडलाइट बंद. मी फ्यूज बदलला, बल्ब बदलले. उपयोग झाला नाही.

शेजारचे वायरमन रफिकभाई टेस्टलॅम्प घेऊन आले. "बल्बापर्यंत करंट येतोय की! अर्थिंग मिळंना झालंय," ते म्हणाले. त्यांनी गाडीच्या पत्र्याला जोडलेली अर्थिंगची वायर सोडवली, तिच्याखालचा गंज घासून काढला, पुन्हा घट्ट आवळली. समोरची भिंत लख्ख उजळली.

"आता बघत काय बसलायसा? चला की!" मागून सुमन ओरडली.

पहाटे मुलगी झाली. पण माझा जीव भांड्यात पडला तो भिंत उजळली तेव्हाच. हे सुमनला मी अजून सांगितलेलं नाही.