माझं गाडी लागणं आणि मॅनिफोल्डचं पॅकिंग

मला गाडी लागते हे सासरी सगळ्यांना पाठ होतं. नव्या पाहुण्यांना ओळख करून देतानासुद्धा 'ही धाकटी सून, धाराशिवला शाळेत शिकवते, हिला गाडी लागते' असं एका दमात सांगितलं जायचं. त्यातली गंमत म्हणजे मला गाडी फक्त भूमच्या, म्हणजे सासरच्या रस्त्याला लागते. माहेरी सोलापूरला जाताना लागत नाही. हे नणंदबाई डोळे मिचकावून सांगायच्या आणि सगळे हसायचे. मीही हसायचे. चार वर्षं हसले.

सोलापूरला आम्ही एसटीनं जायचो आणि भूमला आमच्या गाडीनं. एवढा साधा फरक एकाच्याही लक्षात आला नाही. सांगायला लाज वाटते, पण माझ्याही आला नाही. आणि मी सातवीला विज्ञान शिकवते.

गाडी म्हणजे ह्यांनी चार वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेली जुनी, लहान, पेट्रोलची. एसी कधीचा मेलेला, नुसता फॅन चालायचा. सकाळी पहिल्यांदा चालू केली की टिकटिक टिकटिक आवाज. विचारलं की हे म्हणायचे, इंजिनातल्या टॅपेटचा आवाज आहे, जुन्या गाडीला असतोच. धुराचा वास येतोय म्हटलं की जुन्या गाडीला वास असतोच. जुन्या गाडीला सगळंच असतं, फक्त शेजारी बसणाऱ्या बाईला नाक आणि डोकं नसावं, एवढीच अपेक्षा.

आमच्याकडं ज्याला गाडी लागते त्याला पुढं बसवतात. तो एक मानच. सासरे कधी बरोबर असले तर तेसुद्धा माझ्यासाठी पुढची सीट सोडून मागं अंग चोरून बसायचे. मग माझ्या बुडाखाली वर्तमानपत्राची घडी, कारण पेपरवर बसलं की गाडी लागत नाही म्हणतात. हातात हुंगायला लिंबू. माझ्या बाजूची काच बंद, कारण धूळ. ह्यांच्या बाजूची उघडी, कारण कोपर बाहेर काढल्याशिवाय ह्यांना गाडी चालवता येत नाही. धूळ बहुधा माझ्याच बाजूनं येत असावी. आणि फॅनची जाळी वळवून थेट माझ्या तोंडावर.

येडशी मागं पडली की डोकं जड व्हायचं. वाशीपर्यंत कानशिलं उडायला लागायची. मी म्हणायचे, 'अहो, डोकं फुटतंय.' हे म्हणायचे, 'थांब, वारं लागू दे,' आणि फॅन वाढवायचे. भूमच्या अलीकडं कुठंतरी बाभळीखाली गाडी थांबायची आणि मी पोटातलं सगळं बाहेर काढायचे. घरी पोचले की आतल्या खोलीत आडवी. सण असो, बारसं असो, स्वयंपाक जाऊबाईंच्या गळ्यात. आली की झोपली, असं माझं नाव झालं.

सासूबाई तोंडानं कधी वाकडं बोलल्या नाहीत. चहा आणून उशाशी ठेवायच्या आणि न बसता निघून जायच्या. नणंदेच्या चेष्टेपेक्षा ते मला जास्त बोचायचं.

गेल्या संक्रांतीला, आमच्याकडं राहायला आलेल्या सासूबाईंना घेऊन भूमला निघालो तेव्हा, मागची सीट माणसांनी भरली होती म्हणून आठ वर्षांची लेक माझ्या मांडीवर बसली. थंडी होती, म्हणून एकदाची ह्यांचीही काच बंद. वाशीच्या पुढं लेक कपाळ धरून म्हणाली, 'मम्मी, इथं दुखतंय.' मागून सासूबाई म्हणाल्या, 'घ्या! आईवर गेली.' गाडीभर हशा पिकला. मला मात्र हसू आलं नाही. ही पोरगी शाळेच्या सहलीत बसमध्ये मागच्या बाकावर उड्या मारत जाते. तिला कशाला गाडी लागेल? आणि सासरचा कंटाळा यायला तिला सासर तरी कुठं आहे? त्या दिवशी माझं डोकं दुखत असतानाच पहिल्यांदा चाललं.

परत आल्यावर मी ह्यांना म्हटलं, गाडीत काहीतरी खोट आहे. हे म्हणाले, 'गाडीत?' म्हणजे खोट कुणात आहे ते न बोलताच सांगितलं. मग म्हणाले, एवढंच असेल तर टॅपेट सेट करून आण. किल्ली घेऊन मीच गेले.

गावातल्या गॅरेजवाल्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्यासमोरच ह्यांना फोन लावला. 'साहेब, म्याडम म्हणत्यात आवाज येतो. मला तर कायच येत न्हाय.' मी समोर उभी, आणि माझ्याबद्दलची चौकशी दुसऱ्याकडं! आवाज येत नव्हता हे खरं. घरापासून गॅरेजपर्यंत येताना तो बारीक होत नाहीसाच व्हायचा. त्यानं टॅपेट सेट केले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टिकटिक. मी पुन्हा गेले, पुन्हा आवाज गायब. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तो म्हणाला, 'म्याडम, जुन्या गाडीला असतोच आवाज.' माझं टाळकंच सरकलं. सगळ्या जिल्ह्यानं मिळून हे एकच वाक्य पाठ केलंय की काय?

बेंबळीच्या रस्त्याला एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं पत्र्याचं शेड आहे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं म्हणून गेले. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी मला विचारलं, 'बाई, डोकं फॅन चालू असताना दुखतंय का बंद असताना?' चार वर्षांत मला कुणी माझ्या डोक्याबद्दल प्रश्न विचारला नव्हता. मला तिथंच रडू येईल असं वाटलं.

'गाडी आज इथंच सोडा. उद्या थंड असताना बघू. गरम गाडी झूट बोलती.'

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर त्यांनी गाडी चालू केली, शेडमध्ये लावलेली उदबत्ती उचलली आणि इंजिनाजवळ धरली. एका जागी उदबत्तीचा सरळ धूर टिकटिकीच्या तालावर उधळायला लागला. तिथंच काजळी जमली होती. 'हितं गळतंय,' ते म्हणाले. इंजिनाला धूर सोडायची तीन भोकं असतात, त्यांचा एक नळ करून सायलेन्सरला जोडणारा तो मॅनिफोल्ड. इंजिन आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये फट बुजवणारं एक पातळ पॅकिंग असतं. ते जळून गेलं होतं. गाडी थंड असताना फट मोठी, म्हणून टिकटिक. तापली की लोखंड फुगतं, फट बारीक होते, आवाज बंद. धूर मात्र थोडा थोडा येतच राहतो.

मी विचारलं, 'पण तो आत कसा येतो?'

त्यांनी बॉनेटच्या मागच्या कडेवर बोट फिरवलं. तिथं रबराची पट्टी असायला हवी होती, ती नव्हती. तिथून धूर वर येऊन पुढच्या काचेखालच्या जाळीत शिरत होता, आणि त्याच जाळीतून फॅन हवा ओढतो. 'फॅन जेवढा मोठा, तेवढा धूर तुमच्या तोंडावर. कोण बसवतं तुम्हाला पुढं?'

कोण बसवतं! सगळे बसवतात, मायेनं बसवतात. मी सातवीच्या वर्गाला दर वर्षी सांगते: कार्बन मोनॉक्साइड, रंग नाही, वास नाही, कोंडलेल्या जागी जीव घेतो, आधी डोकं दुखतं, मळमळतं. पोरं वहीत लिहून घेतात. आणि मी काच बंद करून लिंबू हुंगत होते. लेकीला मांडीवर घेऊन.

रोग कळला म्हणून इलाज लगेच होतो असं नाही. आपल्याकडं पॅकिंग मिळेना. सोलापूरच्या दुकानदारानं एसटीनं पाठवलं, मी स्टँडवर जाऊन घेतलं, चाचांनी लावून बघितलं आणि बाजूला ठेवलं. मॅनिफोल्ड दोन असतात: एकातून हवा-पेट्रोल आत जातं, दुसऱ्यातून धूर बाहेर येतो. आलेलं पॅकिंग आत जाणाऱ्याचं होतं. ते परत पाठवा, दुसऱ्याची वाट बघा, शाळा सुटली की स्टँडवर उभी राहा. तेवढ्यात ह्यांचा फोन, 'एवढं कशाला? लाल सिलिकॉनची पेस्ट फासून टाक म्हणावं.' चाचांनी पत्र्याच्या पट्टीनं खरवडलेला लाल चुरा हातावर घेऊन मला दाखवला. 'हे बघा, आदीच कुणीतरी फासलंय. जळून गेलं.' मग एक गंजका बोल्ट खोलताना अर्ध्यात तुटला, तो ड्रिल मारून काढण्यात एक दिवस. मग मॅनिफोल्ड वाकलेला निघाला; तसाच बसवला तर नवं पॅकिंगही महिन्यात जाईल, म्हणून तो लेथवर घासून आणायचा. लेथवाला लग्नाला गेलेला. मी रोज शाळेतून तिथं जायचे आणि रोज चिडून परत यायचे. घरी विचारणा एवढीच: 'झाली का तुझी गाडी?' बिघडल्यापासून ती माझी झाली होती.

शेवटी बसवलं. आधी मधले नट, मग दोन्हीकडचे, थोडे थोडे, पाळीपाळीनं. गाडी तापवली, थंड होऊ दिली, पुन्हा आवळली. मागच्या कडेला नवी रबरी पट्टी. सकाळी चालू केली तेव्हा टिकटिक नव्हती. चाचा उदबत्ती फिरवत राहिले आणि धूर सरळ वर गेला.

ह्यांना सगळं समजावून सांगितलं. हे म्हणाले, 'पण मला कधी दुखलं नाही गं.' मी काही फेकून मारलं नाही, एवढंच.

पुढच्या रविवारी भूमला गेलो. मी पुढंच बसले, फॅन चालू ठेवून, मुद्दाम. येडशी गेली, वाशी गेली. डोकं माझ्या खांद्यावर नुसतं होतं, बाकी काही नाही. आनंद व्हायला हवा होता. मला एवढा संताप येत होता की मी ह्यांच्याशी भूमपर्यंत एक शब्द बोलले नाही.

दारात सासूबाईंनी मला निरखून बघितलं. 'आज न्हाय लागली?'

'नाही.'

'बग. मनावर घेतलं की हुतंय समदं.'

मी हातातली पिशवी खाली टाकली आणि तिथंच अंगणात सगळं सांगितलं. भोकं, पॅकिंग, जाळी, फॅन, विषारी वायू, नात. आवाज चढला होता, शेजारची माणसं बाहेर आली, येऊ देत म्हटलं. सासूबाई ऐकत होत्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, 'आगं मग येवढं हुतं तर सांगायचं न्हाय का!'

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे गाडीकडं बघत होते. 'ती सांगत हुती, आई. दर बारीला.'

'मग तू काय करत हुतास?'

'फॅन वाढवत हुतो,' हे म्हणाले.

कुणी हसलं नाही. सासूबाईंनी पिशवी उचलली आणि माझ्यामागोमाग आतल्या खोलीत आल्या. चहा आणला, आणि पहिल्यांदाच माझ्याजवळ कॉटवर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

'मला वाटायचं,' त्या म्हणाल्या, 'तुला आमच्याकडं यावंच वाटत न्हाय.'

नाही हो आई, म्हणायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण गेली दोन वर्षं मलाही माझ्याबद्दल तसंच वाटत होतं.