बहिणीची टीसी

माझी बहीण वकील झाली नाही, ती माझ्यामुळे. आमच्या घरात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलेलं नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

त्या वर्षी ती बारावी झाली. बारावीनंतर थेट पाच वर्षांत वकील होता येतं, हे तिनं कुठल्याशा वर्तमानपत्रात वाचलं आणि चौसाळ्याच्या आमच्या किराणा दुकानात, शाम्पूच्या पुड्यांच्या माळांखाली उभी राहून अप्पांना समजावून सांगितलं. मी बीडला बीएच्या दुसऱ्या वर्षाला जाणार होतो. आधी बीए, मग तीन वर्षं लॉ, हा माझा जुना रस्ता. अप्पांनी बोटांवर मोजलं. माझीही पाचच वर्षं उरली होती.

“दोघंबी एकाच साली वकील व्हता की,” अप्पा खूश होऊन म्हणाले. “एकाच ताग्यातनं दोन काळे कोट शिवू.”

एक गिऱ्हाईक हसलं. “पोराचा एखादा विषय ऱ्हायला तर पोरगी आधी कोट घालंल, अप्पा.”

माझा इंग्रजीचा विषय आधीच राहिला होता. घरी माहीत नव्हतं. पुढच्या खेपेलाही तो निघणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिच्या हुशारीचा मला राग नव्हता, असं मी पुढं बायकोला सांगायचो. साफ खोटं. मनातून जळत होतो मी.

अर्ज औरंगाबादला नेऊन द्यायचा होता आणि दिवस शेवटचा होता. पोरीला कशाला पाठवायचं, म्हणून अप्पांनी मला पाठवलं. तिनं टीसी आणि गुणपत्रिका, दोन्ही मूळ, एका लग्नपत्रिकेच्या पाकिटात घालून दिल्या. “दादा, घडी पडू देऊ नको,” एवढंच म्हणाली.

मी बीडला उतरलो. औरंगाबादची गाडी समोर लागलेली होती. चढलो नाही. सरळ माझ्या कॉलेजात गेलो, तिच्या नावाचा बीएचा फॉर्म भरला आणि तिची सहीही मीच ठोकली. मूळ टीसी एकच असते. ती एका कॉलेजात जमा झाली की दुसरीकडचं दार बंद. कारकुनानं ती फायलीत लावली, दाभणानं भोक पाडलं आणि दोरी ओवली. मला फार बरं वाटलं. नंतर स्टँडवर नव्यानंच आलेला कोला प्यालो आणि संध्याकाळपर्यंत वेळ काढला.

“तिथल्या जागा भरल्या,” घरी सांगितलं. “येता येता बीडला नाव घातलं. साल तरी बुडणार न्हाई.”

अप्पांनी माझी पाठ थोपटली. बहिणीनं विचारलं, “बूथवरनं फोन करून इचारू का?”

“मी सांगतोय ते खोटं हाय का? लई शहाणी झालीस.”

 ती मी दिलेली बीडच्या कॉलेजची पावती बराच वेळ वाचत राहिली. फॉर्म फक्त दुपारी दोनपर्यंत घेतात, हे त्या पावतीवर छापलेलं होतं. औरंगाबादला जाऊन दोनच्या आत कुणी बीडला परतत नाही. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा पावती तिच्या पेटीत गेली होती.

पुढच्या वर्षी तिला नांदूरघाटला दिली. मला वकील व्हायला सात वर्षं लागली. कोट एकच शिवला.

आता केजला माझं वकिलीचं आणि नोटरीचं ऑफिस आहे. गेल्या उन्हाळ्यात बहीण लेकीला घेऊन आली. लेकीला बारावीवर पाच वर्षांचं लॉ करायचं होतं, औरंगाबादला. झेरॉक्सवर सही-शिक्का हवा होता आणि त्यासाठी मला मूळ कागद बघणं भाग होतं. मी हात पुढं केला.

बहिणीनं लेकीची टीसी टेबलावर ठेवली नाही. दोन्ही हातांनी धरून समोर उभी राहिली. “इथनंच वाच, दादा.”

“आई, दे की मामाकडं,” भाची म्हणाली. “कशापायी धरून ठिवलीस?”

“मामाच्या हातातला कागद औरंगाबादला पोचत न्हाई.”

भाची हसली, तिला ती थट्टा वाटली. मी चष्मा लावला, वाकून टीसी वाचली आणि शिक्का मारला.